उत्तर बरोबर, पण प्रश्नच चुकीचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

टीव्हीवरच्या सामान्यज्ञानाच्या कार्यक्रमांत चुका होतात, ही तक्रार जुनी आहे. त्या नेमक्या कुठे होतात, यावर मात्र फारसे बोलले जात नाही. शाळा-कॉलेजांच्या आणि वाचनालयांच्या स्पर्धांसाठी प्रश्न काढणाऱ्या आम्हा मंडळींचे मत असे, की उत्तर सहसा बरोबरच असते. ते दोघे-तिघे जण पाहतात. तपासायचे राहतात ते उरलेले तीन पर्याय. चूक म्हणून दिलेला पर्याय खरोखरच चूक आहे ना, हे कोणी शोधत बसत नाही आणि पंचाईत तिथेच होते.

नाशिककरांच्या चटकन लक्षात येईल असे उदाहरण घेऊ. ‘पुढीलपैकी सिंहस्थ कुंभमेळा कुठे भरतो? प्रयागराज, हरिद्वार, नाशिक, उज्जैन.’ प्रश्न काढणाऱ्याच्या मनात नाशिक पक्के. पण गुरू सिंह राशीत असताना भरतो तो सिंहस्थ, आणि तो नाशिक-त्र्यंबकेश्वरला भरतो तसा उज्जैनलाही भरतो. फरक सूर्याचा: आपल्याकडे सूर्यही सिंहेत लागतो, उज्जैनला तो मेषेत लागतो. म्हणूनच आपल्याकडची स्नाने २०१५च्या श्रावण-भाद्रपदात झाली आणि उज्जैनची २०१६च्या चैत्र-वैशाखात. अशा प्रश्नाला उज्जैन म्हणणारा स्पर्धक बाद ठरला, तर बरोबर उत्तर देऊनही त्याचे पैसे गेले. दुरुस्ती मात्र अगदी सोपी आहे. उज्जैन काढून पुष्कर घातले की प्रश्न निर्दोष होतो. पण ते करण्यासाठी आधी चारही नावांपुढे ‘इथे सिंहस्थ भरतो का?’ असे स्वतंत्रपणे विचारून पाहावे लागते.

आपला जिल्हा अशा सापळ्यांनी भरलेला आहे. ‘कळसूबाई कोणत्या जिल्ह्यात आहे?’ हे १६४६ मीटरचे शिखर अकोले आणि इगतपुरी तालुक्यांच्या हद्दीवर, म्हणजे अहिल्यानगर आणि नाशिक या दोन जिल्ह्यांच्या सीमेवर आहे. पर्यायांत दोन्ही जिल्हे आले की वाद अटळ. त्याऐवजी ‘राज्यातले दुसऱ्या क्रमांकाचे उंच शिखर आणि सर्वात उंच किल्ला एकच आहे, तो कोणता?’ असे विचारावे. बागलाणातला साल्हेर, १५६७ मीटर, हे एकच उत्तर येते. ‘सप्तशृंगी गड कोणत्या तालुक्यात?’ या प्रश्नाला निम्मा महाराष्ट्र दिंडोरी म्हणेल, कारण तोंडात ‘वणीची देवी’ बसलेली आहे आणि वणी गाव दिंडोरी तालुक्यात आहे. गड मात्र कळवण तालुक्यात. हा प्रश्न चुकीचा नाही, उलट वरच्या पायरीवर विचारण्याजोगा आहे. तो काढणाराच वणीवर घसरलेला नसावा, एवढीच अट.

‘महाराष्ट्रात किती ज्योतिर्लिंगे आहेत?’ हा प्रश्न मात्र कुठल्याच पायरीवर विचारू नये. त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर आणि घृष्णेश्वर ही तीन नावे बहुतेक याद्यांत सापडतात. औंढ्याचा नागनाथ आणि परळीचा वैजनाथ धरले तर पाच होतात. पण नागेश्वराचा मान द्वारकेजवळच्या मंदिरालाही दिला जातो आणि वैद्यनाथाचा झारखंडातल्या देवघरलाही. तीन म्हणणारा चूक की पाच म्हणणारा, हे सूत्रसंचालकाने कॅमेऱ्यासमोर ठरवायचे नसते. हनुमानाच्या जन्मस्थळाचेही तेच. आपण अंजनेरी म्हणतो, कर्नाटकात हंपीजवळची अंजनाद्री म्हणतात, तिरुपतीवाले तिरुमला म्हणतात. या विषयावर २०२२ साली नाशिकमध्ये भरलेली साधू-महंतांची सभा गोंधळात आटोपली होती. जिथे महंतांचे एकमत झाले नाही तिथे चार पर्याय आणि तीस सेकंदांत काय होणार? श्रद्धेचे विषय वगळा असे आमचे म्हणणे नाही. ‘त्र्यंबकेश्वरजवळच्या कोणत्या डोंगरावर गोदावरीचा उगम मानला जातो?’ या प्रश्नावर कोणी भांडत नाही; ब्रह्मगिरी, विषय संपला.

‘पहिला’, ‘सर्वात मोठा’, ‘एकमेव’ हे शब्द प्रश्नात आले की पेन खाली ठेवून शोधाशोध करावी. गंगापूर धरण हे आशियातले पहिले मातीचे धरण, असे आपल्याकडे सर्रास सांगतात. श्रीलंकेत धातुसेन राजाने बांधलेला काला वेवा हा मातीच्या बांधाचा तलाव पाचव्या शतकातला आहे. दावा तिथेच संपतो. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यामुळे त्यांच्यावरचा प्रश्न नाशिकच्या प्रत्येक स्पर्धेत असतो आणि बहुधा तो ‘भारतातला पहिला चित्रपट कोणता?’ असाच असतो. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १८ मे १९१२ला, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईत दाखवला गेला होता. ते नाटकाचेच चित्रण होते म्हणून पहिला मान त्याला देत नाहीत, हे खरे. पण मग प्रश्नात ‘पहिला पूर्ण लांबीचा कथापट’ एवढे शब्द हवेत. तारीख विचारायची तर आणखी जपून. निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३चा, सर्वांसाठीचा ३ मे १९१३चा. ‘प्रेक्षकांसाठी कधी खुला झाला?’ असे लिहिले नाही, तर दोन्ही तारखा बरोबर ठरू शकतात.

लोकसंख्या, लांबी, संख्या यांच्या प्रश्नांत हद्द सांगावी लागते. २०११च्या जनगणनेत ‘नाशिक’ची लोकसंख्या किती होती? महापालिका हद्दीची १४,८६,०५३; आसपासचा नागरी भाग धरून १५ लाख ६० हजारांच्या वर; जिल्ह्याची ६१,०७,१८७. तिन्ही आकडे सरकारीच. नोटांचेही असेच. ‘आपल्या नोटेवर किती भाषा असतात?’ या प्रश्नाचे पंधरा हे उत्तर पाठ झालेले असते. पंधरा भाषा मागच्या बाजूच्या चौकटीत असतात. हिंदी आणि इंग्रजी त्या चौकटीबाहेर असतात, म्हणजे एकूण सतरा. ‘नोटेवर सही कोणाची?’ या प्रश्नातही एक रुपयाची नोट अपवाद आहे. ती भारत सरकारची, त्यावर वित्त सचिवांची सही असते. बाकीच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची. नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस आहे म्हणून ‘भारतात नोटा कुठे छापल्या जातात?’ असे विचारून पर्यायांत देवास, म्हैसूर किंवा सालबोनी घालणे म्हणजे एकाच प्रश्नाला दोन-तीन बरोबर उत्तरे देणे, कारण छपाई या चारही ठिकाणी होते.

पुरस्काराच्या प्रश्नात वर्ष कोणते, हा रोजचा गोंधळ. पुरस्कार ज्या वर्षासाठी असतो ते वर्ष, घोषणेचे वर्ष आणि प्रदान सोहळ्याचे वर्ष वेगळे असू शकते. पहिला दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ सालचा, पण तो देविका राणी यांना प्रत्यक्ष मिळाला १९७०मध्ये. निफाड तालुक्यातले नांदूर मध्यमेश्वर राज्यातले पहिले रामसर स्थळ; यादीत नोंदीची तारीख २०१९ची, बातमी आली जानेवारी २०२०मध्ये. म्हणून ‘कोणत्या वर्षाचा’ की ‘कोणत्या वर्षी’, हे प्रश्नात स्पष्ट हवे. आणि असा घोळ असलेली लागून येणारी दोन वर्षे पर्यायांत कधीच एकत्र ठेवू नयेत.

काही उत्तरे नासतात. ‘सर्वाधिक चंद्र कोणत्या ग्रहाला?’ हा प्रश्न जानेवारी २०२३मध्ये शाळेतल्या पोरानेही सोडवला असता: गुरू ८०, शनी ८३. फेब्रुवारीत गुरूचे ९२ झाले आणि तो पुढे गेला. मे महिन्यात शनी १४५वर पोचला आणि मार्च २०२५मध्ये २७४वर. म्हणजे जानेवारीत लिहिलेला, मार्चमध्ये चित्रित झालेला आणि जूनमध्ये दाखवलेला एकच प्रश्न दोनदा उलटापालटा झाला असता. जिल्ह्यांची संख्या (पालघर १ ऑगस्ट २०१४ला झाल्यापासून ३६), बदललेली नावे, संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषा, खेळातले विक्रम, पदावरच्या व्यक्ती हे सगळे याच जातीचे. अशा प्रश्नाच्या पत्रकावर तपासल्याची तारीख लिहावी. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे आणि पडद्यावर ‘अमुक तारखेपर्यंतच्या माहितीनुसार’ अशी ओळ द्यावी. ती ओळ दिसायला रुक्ष असते, पण पुढचा वाद वाचतो.

राष्ट्रभाषा आणि राष्ट्रीय खेळ यांबद्दल अजून लिहावे लागते हेच आश्चर्य. संविधानात राष्ट्रभाषा असा दर्जा नाही. कलम ३४३ संघराज्याच्या राजभाषेविषयी आहे. हॉकीला राष्ट्रीय खेळ म्हणून सरकारने अधिकृत मान्यता दिलेली नाही. हे दोन प्रश्न ज्या संग्रहात दिसतील, तो संग्रह सबंध बाजूला ठेवावा.

आता चुकीचे पर्याय करायचे कसे, याविषयी थोडे सविस्तर, कारण प्रश्नाची खरी कारागिरी त्यात आहे. कुसुमाग्रजांना ज्ञानपीठ कोणत्या वर्षाचे? याला १९८५, १९८६, १९८७, १९८८ असे पर्याय देणे हा आळस. माणसाला काही ठाऊक असो वा नसो, तो अंदाजच मारणार. १९७४, १९८७, २००३, २०१४ असे द्या. चारही मराठी ज्ञानपीठाची वर्षे आहेत: खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा, नेमाडे. ज्याला थोडेफार माहीत आहे त्याला विचार करायला जागा मिळते आणि उत्तर सांगताना सूत्रसंचालकाला चार वाक्ये बोलता येतात. पर्याय एकाच जातीचे हवेत: नदीला नदी, कवीला कवी, त्याच काळातला. लांबीही सारखी हवी. बरोबर उत्तर नेमके लिहिण्याच्या भरात ते लांबते आणि सराईत स्पर्धक काही न वाचता सर्वात लांब पर्याय निवडतो. आकडे चढत्या क्रमाने लावावेत. पण उत्तर दर वेळी मधल्या दोहोंत ठेवू नये, ही खोड फार जणांना असते. संपूर्ण संचात अ, ब, क, ड साधारण सारख्या वेळा आले की नाही हे शेवटी मोजून पाहावे. ‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय टीव्हीवर नकोच. लाइफलाइन घेऊन दोन पर्याय उडवले, तर उरलेल्यांत ‘सर्व’ला काही अर्थ राहत नाही.

मराठीत आणखी एक भोक आहे, ज्याकडे इंग्रजीवरून प्रश्न उतरवणाऱ्यांचे लक्ष जात नाही: लिंग. ‘फाळके पुरस्काराच्या पहिल्या मानकरी कोण होत्या?’ असे लिहून पृथ्वीराज कपूर, सोहराब मोदी, देविका राणी आणि व्ही. शांताराम असे पर्याय दिले, तर उत्तर व्याकरणानेच सांगून टाकले. या चौघांनाही तो पुरस्कार मिळालेला आहे, म्हणजे पर्याय उत्तम आहेत. वाक्याने माती केली. ‘पहिला फाळके पुरस्कार कोणाला मिळाला?’ असे केले की काम झाले.

प्रश्न मोठ्याने वाचून पाहावा. वीस-बावीस शब्दांपुढे गेला की ऐकणारा सुरुवात विसरतो. नकारार्थी प्रश्न शक्यतो टाळावा. घ्यायचाच तर ‘नाही’ हा शब्द पडद्यावर वेगळ्या रंगात हवा आणि सूत्रसंचालकाने तो दोनदा उच्चारावा. जिथे पर्याय नसतात तिथे पत्रकावर चालणारी सगळी उत्तरे आधीच लिहिलेली हवीत: तात्या टोपे म्हटले तरी चालेल, रामचंद्र पांडुरंग म्हटले तरी चालेल, कुसुमाग्रज चालेल, वि. वा. शिरवाडकर चालेल, नुसते ‘शिरवाडकर’ चालेल का, तेही लिहून ठेवावे. असा निर्णय बझर वाजल्यावर घ्यायचा ठरवला तर दोन संघांना दोन न्याय मिळतात.

विज्ञानाच्या प्रश्नांत अट गाळली जाते. पाणी शंभर अंशांना उकळते, पण समुद्रसपाटीच्या दाबाला. नाशिक सुमारे सहाशे मीटर उंचीवर आहे. इथे ते साधारण ९८ अंशांनाच उकळते. आठवीतल्या मुलाने प्रयोगशाळेत थर्मामीटर लावून ‘९८’ सांगितले, तर त्याला चूक म्हणायचे का?

सगळ्यात आधी उत्तर देणारा जिंकतो अशा, चार गोष्टींचा क्रम लावण्याच्या प्रश्नाला चोविस शक्यता असतात, त्यामुळे अंदाजाने जिंकणे अवघड. चार पर्यायांच्या प्रश्नात मात्र चारात एक वेळा नशीब साथ देते. पण क्रम एकच निघायला हवा, म्हणून क्रमाच्या प्रश्नात दोन गोष्टी एकाच वर्षाच्या किंवा जवळजवळ सारख्या उंचीच्या नसाव्यात. ‘गोदावरीच्या उगमाकडून मुखाकडे जाताना क्रम लावा: नांदेड, कोपरगाव, पैठण, नाशिक’ हा चांगला नमुना आहे. नकाशा डोळ्यांसमोर आणणाऱ्याला तो काही सेकंदांत सुटतो, आणि उत्तर एकच: नाशिक, कोपरगाव, पैठण, नांदेड.

उत्तम प्रश्न कसा असतो याचा नमुना हवा असेल तर २००० साली ‘कौन बनेगा करोडपती’मध्ये हर्षवर्धन नवाथे यांना एक कोटीसाठी विचारलेला प्रश्न पाहावा. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा संविधान यांपैकी कोणाला देते? पर्याय होते सॉलिसिटर जनरल, अॅटर्नी जनरल, कॅबिनेट सचिव आणि सरन्यायाधीश. चारही पदे मोठी, चारही दिल्लीतली, चौघेही संसदेत बसलेले मनात येऊ शकतील असे. पण या चौघांपैकी कलम ८८मध्ये नाव फक्त अॅटर्नी जनरलचे आहे. ‘भाग घेण्याची’ असा शब्द आहे, ‘मत देण्याची’ असा नाही. तोही कलमातूनच आला आहे, कारण त्याला मताचा अधिकार नाही. एका कलमाने उत्तर बरोबर ठरते आणि तेच कलम उरलेल्या तिघांना बाद करते.

पत्रक कसे असावे? आम्ही वापरतो ते असे: वर प्रश्न, खाली उत्तर, मग तीन पर्याय आणि प्रत्येकापुढे तो का चूक आहे याचे एक वाक्य. त्याखाली दोन आधार, तपासल्याची तारीख आणि कठीण नावांचे उच्चार. ‘का चूक’ हे वाक्य लिहिता आले नाही तर तो पर्याय बदलायचा. दोन आधार म्हणजे एकमेकांवरून उतरवलेली दोन संकेतस्थळे नव्हेत. शिखराची उंची असेल तर सर्वेक्षण विभागाचा नकाशा, कायदा असेल तर मूळ कलम, नोट असेल तर रिझर्व्ह बँक, इतिहास आणि व्यक्ती यांसाठी मराठी विश्वकोश. १८८३चा नाशिक जिल्ह्याचा गॅझेटियर जुन्या गावांसाठी अजून उपयोगी आहे, आजच्या हद्दींसाठी मुळीच नाही. हल्ली संगणकाला सांगितले की मिनिटभरात शंभर प्रश्न मिळतात. ते कच्चा माल म्हणून घ्यायला हरकत नाही. पण ती सुबक वाक्ये वाचून तपासणी झाल्यासारखे वाटते, आणि झालेली नसते.

यानंतर चाचणी. कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या वीस जणांना प्रश्न सोडवायला द्यावेत. पहिल्या पायरीच्या प्रश्नाला अठरा जणांनी तरी बरोबर उत्तर द्यावे, मधल्याला आठ ते बारा जणांनी. एखादा पर्याय वीसांपैकी एकानेही निवडला नाही तर तो मेलेला पर्याय, बदलावा. आणि एकूण गुण चांगले असलेले लोक एखाद्या प्रश्नात चुकत असतील, कमी गुणांचे बरोबर येत असतील, तर बहुतेक वेळा दोष आपल्याच उत्तरात असतो. त्या प्रश्नाचा आधार पुन्हा काढून पाहावा. एका भागाला पंधरा प्रश्न लागणार असतील तर पंचेचाळीस लिहावेत, एवढी गळती धरूनच चालावे. चाचणी देणाऱ्यांकडून प्रश्न बाहेर जाऊ नयेत म्हणून त्यांना मिसळलेला संच द्यावा आणि कोणते प्रश्न निवडले ते कळू देऊ नये. अमेरिकेत १९५०च्या दशकात स्पर्धकांना उत्तरे आधीच पुरवल्याचे उघड झाले आणि १९६०मध्ये तिथे असे करणे कायद्याने गुन्हा ठरवावे लागले. तेव्हा ही काळजी अतिरेकी नाही.

एवढे करूनही चूक राहतेच. राज्य लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो, हरकती मागवतो, मग अंतिम तालिका काढतो आणि सदोष प्रश्न रद्द करतो. लाखो रुपयांची बक्षिसे देणाऱ्या कार्यक्रमांत अशी सोय आम्हाला दिसत नाही. वाहिन्यांनी दर भागानंतर सात दिवस हरकतीसाठी पत्ता द्यावा, हरकत आधारासह मागवावी, निर्णय कार्यक्रमातल्या कोणाऐवजी बाहेरच्या जाणकाराकडे सोपवावा आणि तो पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवावा. प्रश्न सदोष ठरला तर स्पर्धकाला त्याच रकमेपासून नव्या प्रश्नावर परत बोलवावे. आपल्या शहरातल्या अभ्यासिकांत बसणारी मुले हे कार्यक्रम तयारी म्हणून पाहतात आणि वहीत उतरवून घेतात. त्यांना दुरुस्ती कळण्याचा दुसरा मार्ग नाही. शाळा आणि गणेश मंडळांनाही आमची विनंती अशी, की स्पर्धेच्या दिवशी पंचांच्या टेबलावर प्रत्येक प्रश्नाचे आधारासह पत्रक ठेवा आणि हरकत घेणाऱ्याला ते लगेच वाचायला द्या.

आपले,
सामान्यज्ञान स्पर्धांसाठी प्रश्न काढणारे काही शिक्षक व ग्रंथपाल,
नाशिक